सरळ रेघेचा आवाज

१२ जानेवारी, रविवार

सोनलनं आज मला दिवसभर बोलायला लावलं. गायला नाही — बोलायला. मैसूरला ती बोलण्या-ऐकण्यातल्या अडचणींवर उपचार करायचं शिकते, शेवटचं वर्ष आहे. तिचा प्रकल्प असा की माणूस साधं बोलतो तेव्हा त्याचा आवाज किती चढतो, किती उतरतो, कुठे थांबतो. तोंडापुढे माईक, लॅपटॉपवर निळी रेघ.

"आई, 'आलास' म्हण."

"कोण आलंय?"

"कुणी न्हाय गं. नुसतं म्हण की. एकदा विचारल्यासारखं, एकदा सांगितल्यासारखं, एकदा रागानं."

म्हटलं. रेघ तिन्ही वेळा वेगळी. विचारताना शेवटी वर गेली, सांगताना खाली बसली, रागाची मधेच उंच जाऊन आपटली. मग मलाच चेव आला. पेटी ओढली आणि बोललेलं बोटानं शोधून बघितलं. विचारायचं 'आलास' सा वरून निघून जवळजवळ पंचमाला टेकतं. बेळगावात आमच्या शहापूरच्या गल्लीत येणारी भाजीवाली शेवटचं अक्षर लांबवते, ते कोमल गंधारावर, रोज तिथेच. शाळेत गाणं शिकवते, घरी क्लास घेते, पण हे कधी ताडून बघितलं नव्हतं. दुपारचं जेवण चार वाजता झालं.

सोनल म्हणाली, संक्रांत झाली की निपाणीला जाऊन आप्पांचाही, म्हणजे तिच्या वडिलांचाही, आवाज घेणार.

मी म्हटलं, "घे की. त्यांची रेघ सरळच येईल. पट्टी लावून मारल्यासारखी."

ती हसली नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सोनलच्या फोनवरून आण्णासाहेबांशी, तिच्या आप्पांशी, बोलले. म्हणजे मी बोलले, ते "हां" म्हणाले. ठेवला. (एकत्र होतो तेव्हा 'अहो' म्हणायची. या वहीत नाव लिहिते. वेगळं राहायला लागल्यापासून.)

१९ जानेवारी, रविवार

संध्याकाळी सोनलचा फोन. मळ्यातल्या घराच्या अंगणातून बोलत होती, मागे विहिरीच्या मोटरचा आवाज.

"आई, आप्पांना सूर कळत न्हाय."

"मला काय सांगतेस? लग्नाच्या आधीपासून बेसूर आहेत."

"बेसूर न्हाय गं. कळतच न्हाय. ऐक तरी."

तिनं त्यांना माझेच 'आलास' ऐकवले. यातला प्रश्न कोणता, ओळखा. निम्मे बरोबर, निम्मे चूक — डोळे झाकून बोट ठेवावं तसे. मग पेटीचे दोन सूर, सा आणि वरचा मध्यम. यातला उंच कोणता? ते म्हणाले, "दोन्ही एकच की." कान तपासले. कान ठणठणीत. काही माणसं जन्मतःच अशी असतात म्हणे, रंग न ओळखणारी असतात तशी. आवाज येतो, त्याचा चढ-उतार येत नाही. अशा सगळ्यांचंच बोलण्यात अडतं असं नाही, पण यांचं फार अडतं. समोर माणूस असेल तर चेहऱ्यावरून भागवतात. फोनवर चेहरा नसतो.

"म्हणाले, समोरचा रागात हाय का बरा हाय, फोनवर मला समजत न्हाय. म्हणून लवकर ठेवतो."

सुरुवातीला ती खुशीत सांगत होती. असं माणूस प्रकल्पाला घरातच मिळालं म्हणून. मग आवाज बारीक झाला.

"आई, हायस न्हवं?"

"आहे."

"तू मला लहानपणापासून सांगायचीस, तुझा बाप दगड हाय म्हणून."

मी पोळ्या राहिल्यात असं सांगून फोन ठेवला. पोळ्या झालेल्या होत्या.

२१ जानेवारी, मंगळवार

शाळेत लक्ष नव्हतं. एकेक आठवत राहिलं.

लग्नानंतर पहिल्या वर्षी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, पर्वाच्या दिवसांत मी गायले होते. निपाणीची सगळी जैन मंडळी हजर. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येताना मी वाट बघत होते, हे काय म्हणतात. स्कूटर लावता लावता म्हणाले, "शब्द समदे नीट कळाले." बास. ते वाक्य मी किती वर्षं मनात धरून ठेवलं. माहेरी बहिणीला सांगून रडले. आज वाटतं, त्यांना जे ऐकू आलं त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी सांगितलं होतं.

भांडण झालं की मी म्हणायची, "मला भूक नाही." हे ताट झाकून ठेवायचे आणि मळ्यात जायचे. दुसरा कुणी असता तर दोनदा विचारलं असतं. आमच्या माहेरी "भूक नाही" याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. मी उपाशी बसायची आणि म्हणायची, बघा, कसा माणूस आहे.

आणि कन्नड. मळ्यातल्या गड्यांशी कन्नडात बोलताना हे मोकळे असायचे, हसायचेसुद्धा. मला वाटायचं, बायकोपेक्षा गडी बरे वाटतात यांना. आज शाळेतल्या कन्नडच्या बाईंना विचारलं. कन्नडात प्रश्नाला शेवटी आ लागतोच. ऊटा आय्तु — जेवण झालं. ऊटा आय्ता — जेवण झालं का. चढ-उतार नसला तरी प्रश्न तो प्रश्नच. मराठीत आपण नुसता आवाज वर नेतो आणि काम भागवतो. हे मात्र मराठीतही कायम 'का' लावूनच विचारायचे. जेवलीस का. येणार का. जायचं का. मी त्यांची नक्कल करून सोनलला हसवायची.

झोपायला हवं. उद्या सव्वीस जानेवारीच्या गाण्याची तालीम आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

सोनल निपाणीहून आली. उद्या मैसूरला परत. जेवताना म्हणाली, "आई, मी आप्पांना एक विचारलं. तू रागावशील."

मी निपाणी सोडून बेळगावला निघाले त्या दिवसाबद्दल विचारलं होतं तिनं.

तो दिवस माझ्या बाजूनं असा. शाळेची नोकरी लागली होती. मी म्हटलं, "मी बेळगावलाच जाऊन राहते." ज्या सुरात म्हटलं त्याचा अर्थ एकच होता — नको म्हणा. हे म्हणाले, "बरं. पेटी मी बांधून देतो." पेटी वाकळेत गुंडाळली, दोरी आवळली, टेम्पोत नीट आडवी ठेवली. माझ्या सामानावर हात फिरवून बघितलं, काही हलतंय का. मला वाटलं, एवढी घाई झालीय यांना. टेम्पोत बसताना मी म्हटलं, "आता येऊ नका तिकडं." आणि आठवडाभर दारावर कान ठेवून बसले.

आले नाहीत. मळ्यातलं धान्य येत राहिलं, शेंगा येत राहिल्या, कुणा ना कुणाच्या हाती. स्वतः कधी नाहीत. सोनलला भेटायचं असलं की बसस्टँडवर बोलवायचे.

आता त्यांची बाजू. सोनलनं सांगितलं तशी लिहिते.

सुराच्या चाचणीत ते नापास, पण तालाच्या चाचणीत एकही चूक नाही. सोनल टाळ्या वाजवायची, हे तशाच वाजवून दाखवायचे, अवघडातल्या अवघड. दोन शब्दांच्या मधली जागा किंचित वाढवली तरी ओळखायचे. तिनं विचारलं, मग आई रागावलीय हे तुम्हाला कसं कळायचं?

"तुझी आई रागात असली की उत्तर द्यायला उशीर करती," म्हणाले. "मी काय बोललो की जरा थांबती. मग बोलती. तेवढ्यावरनं मी वळखायचो."

म्हणजे ऐकत होते. मी जिथे बोलत होते तिथे नाही, मी जिथे गप्प होते तिथे.

सोनलनं विचारलं, मग त्या दिवशी? आई चिडलीय हे कळलं न्हाय तुम्हाला?

"त्या दिवशी ती थांबली न्हाय. लगेच म्हणाली, येऊ नका. म्हणून मला वाटलं राग न्हाय, खरंच नको हाय."

थांबले नाही, कारण ते वाक्य मी आदल्या दिवसापासून घोकत होते.

सोनल ताटातल्या भातावर बोटानं रेघा ओढत बसली. मी तिला ओरडले नाही.

२६ जानेवारी, रविवार

शाळेतला कार्यक्रम बरा झाला. नीलम म्हणून सातवीतली मुलगी आहे, माझ्या क्लासलाही येते. कार्यक्रमानंतर जवळ आली. "मॅडम, बरं न्हाय काय?" मी म्हटलं, "काही नाही गं." तिनं गुपचूप खुर्ची आणून ठेवली.

तिला कळलं. सगळ्यांना कळतं. आयुष्यभर ज्याला त्याला कळत गेलं, म्हणून मला शब्द बदलावेसे वाटले नाहीत. एका माणसाला कळत नव्हतं, आणि नेमकं त्याच्याजवळच राहायचं होतं.

२९ जानेवारी, बुधवार

क्लासमध्ये एकीचा गंधार सारखा उतरत होता. नेहमीसारखं रागावणार होते. नाही रागावले. मुलीच चपापल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या निपाणीला जाते. फोन करून सांगितलं नाही. फोनवर नकोच. समोर बसून बोलायचं, माझा चेहरा त्यांना दिसेल असं.

काय बोलायचं ते ठरवलंय. आडून काही नाही. "मला परत इथं राहायला यायचं आहे. तुम्हाला चालेल का?" 'का' लावून. सकाळी भांडी घासताना म्हणून बघितलं. आवाज आपोआप वळतोय, शेवटी केविलवाणा होतोय. त्यांच्या दृष्टीनं फरक पडत नाही, पण मला पडतो. सरळ म्हटलं तर ते वाक्य किती उघडं वाटतं! अंगावर पदर नसल्यासारखं. आपण सूर लावतो ते लपायला की काय, कोण जाणे.

नोकरी सोडावी लागेल. क्लासच्या मुलींना दुसरीकडे लावून देता येईल. घरमालकांशी बोलावं लागेल. सोनलला काही सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार. दुपारी फोनवर एवढंच म्हणाली, "आई, हळू बोल त्यांच्याशी. मधे जागा सोड."

निळी साडी काढून ठेवलीय. मग वाटलं, साडीचं काय कौतुक. मग वाटलं, डोळे तर आहेत की त्यांना. ठेवली तशीच.

मला भीती वाटत नाही. किती वर्षांनी असं वाटतंय की गोष्ट फक्त समजण्याची होती आणि आता समजलीय. त्यांचा दोष नव्हता, माझाही म्हणावा तसा नव्हता. दोघांच्या मधे एक भिंत होती आणि ती कशाची आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आले.

ठरवलं होतं तसंच विचारलं, मधे जागा सोडून. यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "पयलं वर्षभर लई वाटायचं, यावीस. आता न्हाय वाटत. इथं कुणी काय म्हटलं तर तेवढंच असतंय. त्याच्या मागं काय हाय, चुकलं का माझं, हे हुडकत बसावं लागत न्हाय. मला बरं वाटतंय असं."

मी पदर सारखा केला.

चहा त्यांनी केला. साखर बरोबर घातली होती. बसपर्यंत सोडायला आले. बस सुरू झाली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "राहायला नको. भेटायला ये. दोन्ही मी मनापासनं बोलालोय. माझ्या आवाजावरनं तुला कळायचं न्हाय, म्हणून सांगतो."