दोष डब्यातच आहे

३ ऑगस्ट, रविवार
हॅम रेडिओ क्लबच्या मीटिंगमध्ये ठरलं. २४ तारखेला विजयनगरच्या हॉलमध्ये लोकांसमोर मोर्सचं प्रात्यक्षिक. मी कीवर, म्हणजे तारेच्या खटक्यावर, टिंब-रेघा वाजवणार, माझा टर्मिनलचा डबा त्यांतून अक्षरं ओळखणार आणि जुना टेलिप्रिंटर ती कागदावर छापणार. शब्द एकच, आमच्या शहराचं नाव, इंग्रजी अक्षरांत: मैसूरु. रिटायर झाल्यापासून चार लोकांसमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ. ईश्वरीला बेंगळुरूला फोन केला. येते म्हणाली. बाबा अजून काहीतरी करतोय, हे मुलीला दिसलेलं बरं.

५ ऑगस्ट
डबा बिघडला आहे. मी 'मैसूरु' पाठवलं, कागदावर आलं टी टी के टी आय ई, पुढेही असंच काहीतरी. संकल्प: तीन दिवसांत दोष शोधणे. कडकोळच्या कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीत काढली. दोष माझ्यापासून लपत नाही.

८ ऑगस्ट
फिल्टर बदलला. तेच. कपॅसिटर बदलले. तेच. मुदत वाढवून दहा दिवस.
विजेचा खरखराट नको म्हणून सौ. जानकीला दुपारभर फ्रिज बंद ठेवायला लावला. तेच. दूध नासलं. जानकी म्हणाली, डब्याचा आणि दुधाचा काही संबंध नसावा. तिला टेक्निकल बाजू कळत नाही.

११ ऑगस्ट, स. ११
क्लबचे सेक्रेटरी भुजंगराव येऊन गेले. घराणं पिढ्यानपिढ्या इथलं, पूर्वीचे रंगारी. मराठी बोलतात पण निम्मं कन्नड. कॉफी घेत पंधरा मिनिटं माझं वाजवणं ऐकलं आणि म्हणाले, "डबा सरी आहे, मिलिंदराव. तुमचा हात स्वल्प बघा की."
त्यांचं म्हणणं, डबा ठीक आहे, मीच अक्षराच्या मध्ये थांबतो. एक रेघ म्हणजे टी, दोन रेघा म्हणजे एम. दोन रेघांच्या मध्ये मी दम खाल्ला तर डबा दोन टी छापणारच. मी शांतपणे सांगितलं की यंत्राची वकिली करणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय.

१४ ऑगस्ट
भुजंगराव डबा घरी घेऊन गेले होते. परत आणला. म्हणे त्यांच्याकडे 'मैसूरु' अकरा वेळा बिनचूक आलं. कागदही दाखवला. त्यांच्या भागातलं व्होल्टेज वेगळं आहे, हे मी जागच्या जागी निदर्शनास आणून दिलं.
त्यांनी सुचवलं, प्रात्यक्षिकाला अन्नपूर्णाबाईंना बसवू. बाई पस्तीस वर्षं तार ऑफिसात होत्या. आता वय सत्त्याहत्तर. साफ नकार दिला. डबा माझा, वाजवायची की माझी, हातही माझाच.

२१ ऑगस्ट
सगळे जोड नव्याने सोल्डर केले. उजवा अंगठा भाजला. निकाल तोच.
जानकी म्हणाली, तोवर थोडा सराव तरी करा. सराव करणार नाही. केला तर दोष हातात होता असं कबूल केल्यासारखं होईल.

२४ ऑगस्ट, संध्याकाळ
साठेक माणसं. ईश्वरी पुढच्या रांगेत. मी पाठवलं. टेलिप्रिंटर झकास धडधडला. टी टी के टी आय ई ई ए ए ई आय टी. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मी माइकवर खुलासा केला की टर्मिनलमध्ये बिघाड आहे. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई उठल्या. मागच्या खुर्चीवर बसून त्या नुसत्या कानांनी ऐकून पेन्सिलीने उतरवून घेत होत्या. भुजंगरावांनी त्यांची चिठ्ठी वाचून दाखवली. टी टी के टी आय ई ई ए ए ई आय टी. अक्षर न् अक्षर तेच.
मग बाई माझ्या जागेवर बसल्या. दहा सेकंदांत कागदावर 'मैसूरु'. टाळ्या.
शांतपणे विचार केला. यंत्र आणि माणूस, दोघांचा निकाल एकच आला. म्हणजे डबा आता निर्दोष आहे. तो निर्दोष कोणी केला? फिल्टर कोणी बदलला? भुजंगरावांना हे सांगायला गेलो तर ते खुर्च्या मोजत होते.
रिक्षात बसलो. ईश्वरी म्हणाली, "बाबा, डबा छान चालतोय तुझा." जानकीने तिचा हात दाबला. कशासाठी, कळलं नाही.
फारसा जेवलो नाही.

२५ ऑगस्ट
काल भुजंगरावांनी माझ्या हाती दिलेल्या अन्नपूर्णाबाईंच्या चिठ्ठीमागे त्यांचा सरस्वतीपुरमचा पत्ता होता, आणि 'उद्या पाच वाजता'. बाईंना टर्मिनल समजून घ्यायचं असणार. सर्किटचा नकाशा घेऊन गेलो.
नकाशा त्यांनी उघडलाच नाही. त्यावर कॉफीचा पेला ठेवला. माझ्यासमोरची की उचलून कपाटात टाकली आणि इंग्रजीत म्हणाल्या, बोटाने टेबलावर वाजवा. आज फक्त टिंबं. मी म्हटलं, मी बावीस वर्षं क्वालिटीत होतो. त्या म्हणाल्या, वाजवा.
तासभर वाजवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, झोप लागली. निघताना म्हणाल्या, "एक टिंब चांगलं आलं."
कोणतं, ते विचारायचं राहिलं. बस स्टॉपवर आल्यावर लक्षात आलं. उद्या पाचला विचारतो.