चंपाकाकूंना दिलेली खुडूक कोंबडी

तीर्थस्वरूप आईस,
दिपालीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला थांबला का?

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून अजिनाथमामांच्या हाती पत्र देते. आपल्या लंगडून मेलेल्या कोंबडीत इथे कॉलेजात तपासल्यावर मरेक्स रोग निघाला. त्याचा विषाणू रोगाशी लढणाऱ्या पेशींतच लपतो, म्हणून शरीराला सापडत नाही. कोंबडी धडधाकट दिसते आणि पिसांच्या कोंड्यातून रोग पसरवत राहते. आपल्या बाकीच्या कोंबड्यांतही तो असणार.

चंपाकाकूंनी अंडी उबवायला खुडूक कोंबडी मागितली, तेव्हा तू शिकवलंस तसा तुरा, डोळे पाहून "दे" असं मीच म्हणाले. पिल्लं निघायच्या आत ती परत आण. अंड्यात रोग जात नाही. अंडी पुसून काकूंना दुसऱ्या घरच्या कोंबडीखाली ठेवू दे.

"एवढं शिकून काय उपेग?" असं काकू म्हणतील. ऐकून घे. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझी,
दिपाली