अळणी नवस

वरची वाडी, पोलादपूर
पौष वद्य ५, शके १८५५

चि. सहदेवास मैनाबायचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी सांगते तसंच गुरुजी लिहितायत, भाषेला हसू नको.

आई गेल्यापासून आबांना झोप नाय, म्हणून दोन वर्षं तू झोपेच्या औषधाच्या बाटल्या धाडतोस. झोप लागते रे, पण आता पाय जागेवर पडत नायत. बांधावरून दोनदा गडगडले. पेजेचा वाडगा तोंडाशी जायच्या आत सांडतो, जीभ जड झालीय. भावकीतला हैबती चारचौघांत म्हणाला की म्हातारा पिऊन झुलतो, शिमग्याला देवाची काठी याच्या हातात द्यायची नाय. आपल्या घराचा चार पिढ्यांचा मान, सहदेव! आबांनी नवस केलाय की पाय ठरेपर्यंत मिठाला शिवणार नाय. औषध संपत आलंय, बाटली धाड.

आमची आठवण ठेव, माया कमी करू नको.
मैनाबाय

मुंबई, माघ शुद्ध १

ती. मैनाबायस सहदेवचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

हैबतीच्या जिभेला हाड नाय. चहासुद्धा फुंकून पिणारा आपला आबा, म्हणे पितो! वाडीला निघालेल्या रायबासोबत दोन बाटल्या धाडल्यात. झोप पुरत नसणार, म्हणून अशक्तपणा. दीडपट देत जा. गिरणीत रजा मागितलीय.

धाकट्या भावावर लोभ असावा.
सहदेव

वरची वाडी, माघ वद्य १०

चि. सहदेवास आशीर्वाद, वि. वि.

दीडपट औषधानं घात झाला. आबा उंबऱ्यावर आपटले, भिंतीकडं बघून आईशी बोलायला लागले. डोलीत घालून महाडला नेलं. डॉक्टरांनी बोट नाकाला लावायला सांगितलं, तर ते गालावर गेलं. मग बाटलीवरची चिठ्ठी वाचली, जेवणाचं विचारलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले की हे औषध अंगात साचलंय, त्यानंच तोल जातो. मीठ त्याला बाहेर काढतं, आणि आम्ही मीठच तोडलं! औषध बंद, मीठ भरपूर, नायतर माणूस हाती लागायचा नाय.

पण आबा दात आवळून बसलेत. म्हणतात की देवाला दिलेला शब्द मोडून त्याचीच काठी कोणत्या तोंडानं धरू? शिमग्याला वीस दिवस राहिले. मी काय करू रे?

लगोलग लिही.
मैनाबाय

मुंबई, माघ वद्य १४

ती. मैनाबायस नमस्कार, वि. वि.

घात मी केला, बाय. पेजेत मीठ कालव आणि सांगूच नको. जड जिभेला कळायचं नाय. पाप माझ्या माथी. रजा आता नाय मिळाली, चैत्रात येतो.

रागावली असलीस तरी मला टाकू नको.
सहदेव

वरची वाडी, फाल्गुन वद्य ४

चि. सहदेवास पोटभर आशीर्वाद, वि. वि.

फसवायला हात धजला नाय. आबांना देवळात नेऊन बसवलं, नारळ ठेवला आणि मीच मोठ्यानं बोलले की देवा, यांना नवसातून सोड, त्याबदली माझं मीठ घे, मरेपर्यंत. आबा ढसाढसा रडले. मग मिठाचं पाणी प्याले. आठव्या दिवशी बोट नाकाला लागलं.

पुनवेला काठी हैबतीनंच उचलली, आबा अजून थोडे डुलतात. पण औषधाचं खरं कळल्यावर देवळासमोर थांबून त्यानं सगळ्यांदेखत कबूल केलं की मी तोंडाला येईल ते बोललो, आणि काठी आबांच्या हातात दिली. पाच पावलं गेले, सरळ! मी मागं हात पसरून उभी होते, पण माझी गरज नाय लागली.

चैत्रात येशील तेव्हा माझ्या ताटात मीठ वाढू नको, आणि आबांसमोर त्याचा विषयही काढू नको. जेवताना ते माझ्या ताटाकडं बघत नायत.

तुझा जीव आमच्यात असाच राहू दे.
मैनाबाय