डबी रिकामी नव्हती

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
संशोधन संस्था, मुख्य इमारत.

विषय : तंतूंच्या डबीवरून सफाई कर्मचारी मावशींना दिलेली नोटीस मागे घेऊन त्यांचा कायम नेमणुकीचा आदेश मोकळा करण्याबाबत.

संदर्भ : भांडारपालांचा आज सकाळचा शेरा, "डबी आढळली, आत काही नाही."

महोदय,

१. आमच्या कक्षात पॉलिमरचे तंतू तयार होतात. ते कोणी कातत नाही. द्रावण ताटलीत वाळू दिले की त्यातले रेणू आपणहून रांगेत लागतात, जे आपल्या कार्यालयात परिपत्रक काढूनही होत नाही. तंतू केसाहून बारीक असतो. त्यावर जांभळा उजेड टाकला की तो हिरवा उजळतो आणि तो उजेड अंगातून वाहून नेऊन टोकांना बाहेर सोडतो. एरवी तो डोळ्यांना दिसत नाही, यात मावशींचा दोष नाही.

२. असे सात तंतू डबीत होते. साठा तपासणीत भांडारपालांना डबी रिकामी दिसली. कक्षाची किल्ली मावशींकडे असते, म्हणून तासाभरात नोटीस मावशींना. अकरा वर्षांच्या रोजंदारीनंतर त्यांचा कायम होण्याचा कागद आपल्या टेबलापर्यंत आला होता, तो तिथेच अडला. मला फार वाईट वाटले. हे कार्यालयीन भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नसल्याने तसेच लिहिले आहे.

३. कोणतीही वस्तू नोंदवण्यापूर्वी तिच्यावर फुंकर मारून धूळ उडवायची, ही भांडारपालांची जुनी सवय. दुपारी मावशी पडदे ओढून, जांभळ्या उजेडाची बॅटरी घेऊन फरशी धुंडाळत होत्या. तेवढ्यात "काय, सापडलं का काही?" असे विचारत भांडारपाल दारात उभे राहिले. बॅटरी तिकडे वळली, तर त्यांच्या लोकरी स्वेटरवर हिरवे ठिपके. मावशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, हलू नका. शिंकूही नका."

४. सहा तंतू चिमट्याने काढले. सातवा मिशीत आहे. मिशी उतरवण्यास भांडारपाल राजी नाहीत. चूक मात्र त्यांनी मोकळेपणाने लेखी कबूल केली आहे. सबब सातवा तंतू "सुस्थितीत, भांडारपालांच्या ताब्यात" असा नोंदवावा.

५. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये आणि मावशींचा आदेश आजच काढावा, ही विनंती. भांडारपाल तूर्त शिंक दाबून बसले आहेत, तरी विलंब नसावा.

आपल्या सहीच्या प्रतीक्षेत, नम्र,
(सही)
प्रयोगशाळा सहायक, तंतू कक्ष
दि. ९ जानेवारी, दुपारी ४

सोबत :
१) भांडारपालांची लेखी कबुली.
२) तंतू सहा, काळ्या कागदावर. पाकीट रिकामे वाटल्यास कृपया फुंकर मारू नये. पडदा ओढून मावशींना बोलवावे. बॅटरी त्यांच्याकडे आहे.