खर्जाच्या आखूड तारांबद्दल

मी, पियानोचे सूर लावणारा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डॉक्टरांचा उतरलेला चेहरा पाहिला, तेवढे पुरे झाले. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर मुलाला. त्याने आधी गळके छप्पर बघावे. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी दोघांना निम्मी-निम्मी. कोणी तोंड वाकडे करू नये.

२. सूर मोजायचे यंत्र माझ्या जुन्या भागीदाराला. "छोटा पियानो म्हणजे खेळणं. काटा मध्यावर आला की निघायचं," हे त्याचे मत. मी जन्मभर त्याच्याशी भांडलो आणि ऐनवेळी त्याचेच ऐकले.

३. तारा पिळायची सुराची किल्ली मुलीला. इथे खुलासा करणे भाग आहे. नऊ वर्षांपूर्वी, ती माझ्या हाताखाली शिकत असताना, आम्ही दोघे एका संगीतशिक्षिकेकडे गेलो होतो. पियानो छातीएवढा. अशात खर्जाच्या तारा आखूड असतात. यंत्राप्रमाणे लावल्या तरी वरच्या सुरांशी जुळत नाहीत. मुलीने कानाने ऐकून त्या किंचित उतरवल्या. मी काटा पाहिला आणि बाईंसमोर म्हणालो, "कान फुटलेत का तुझे? ऊठ तिथून!"

"बाबा, एकदा वाजवून तर बघा."

मी वाजवले नाही. सगळे पुन्हा लावले. तिने किल्ली पुसून पेटीत ठेवली, ती कायमची. आता विमा कचेरीत असते. फोनवर फक्त माझी औषधे विचारते.

आठवड्याने बाईंचा निरोप आला, "काका, मुलीने लावलेलं गोड होतं. तिलाच पाठवा ना." तिला वेळ नाही, असे मी खोटेच सांगितले. स्वतः जाऊन तिच्यासारखे लावून आलो. तेव्हापासून गिऱ्हाइकांचा प्रत्येक छोटा पियानो मी तिच्याच पद्धतीने लावला आणि लोकांनी माझ्या कानाची तारीफ केली. मी ती घेतली. मला याची लाज वाटते.

४. घरातला छोटा पियानो शेवटचा तिनेच लावला होता. त्याला नंतर कोणी हात लावलेला नाही. पार उतरला आहे. तोही तिचाच. लावावासा वाटला तर लावावा, जबरदस्ती नाही.

सही: लिहून देणार

साक्षीदार १: शेजारचे औषध दुकानदार. सही.

साक्षीदार २: वरील संगीतशिक्षिका. सही. "काका, त्या दिवशी मी गप्प बसले होते, आज बसणार नाही. हे तिने तुमच्या पश्चात का वाचायचं? फोन समोरच आहे."

ठिकाण: माझ्या कामाची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपारी चार. तिला फोन लावला आहे. अजून उचललेला नाही.