ए विंगमधली सात फुटी खिडकी

९ जानेवारी, शुक्रवार
खिडकी झाली. चार फुटांची सात फूट केली, खालूनही दीड फूट भिंत उतरवली. दुपारी ट्यूब न लावता मेथी निवडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी होती तोवर दिवसा घरी असायचंच कोण? रिटायर झाले आणि ही अंधारी खोली खायला उठली.
हट्ट माझाच. हे नको नको म्हणत होते, कारण हे सोसायटीचे सेक्रेटरी आणि गेल्या वर्षी ह्यांनीच तळमजल्याच्या पवारांना नोटीस धाडून त्यांचं खिडकी वाढवायचं काम थांबवलं. म्हणून आमच्या कामाचं नाव 'रिपेरिंग'. परवानगी वगैरे कोणी मागितली नाही. माप बी विंगमधल्या लताकडचं. तिच्या मोठ्या खिडकीला मी स्वतः टेप लावून आणलं. तिच्याकडे चालतं, तर माझ्याकडे का नाही?

११ जाने., रवि.
खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक चीर. केसाएवढीच, पण तिरपी, छताकडे जाणारी. शिंदे मिस्त्रींना फोन. म्हणाले, प्लास्टर सुकतंय, घाबरू नका ताई. खात्री करायची तर चिरेवर आडवी काच चिकटवा. भिंत हलली तर काच तुटते, नाहीतर राहते तशीच. त्यांच्यात ही जुनी रीत आहे म्हणे.
कपाटात लॅबच्या काचेच्या स्लाइड्सचं एक खोकं निघालं. एक स्लाइड पीओपीने चिकटवली, शेजारी पेन्सिलने तारीख. ह्यांना दाखवली. "बघत बसू नकोस," म्हणाले. बघतेच आहे.

१४ जाने., बुध.
काच शाबूत.
वरच्या परबकाकू तिळगूळ घेऊन आल्या. आम्ही बौद्ध, संक्रांत करत नाही, हे त्यांना चांगलं माहीत. तरी दरवर्षी येतात, हातावर ठेवतात आणि खा म्हणून दटावतात. अठ्ठ्याहत्तर वय, वर एकट्याच. खिडकी बघून खूश. "आता तुझ्या घरात उजेड इलो गो," म्हणाल्या.
मग निघता निघता म्हणाल्या, गॅलरीचा दरवाजा दोन दिवस लागत नाही. "पावस नाय काय नाय, मगे लाकूड फुगता कशाक?"
त्यांचा तो दरवाजा माझ्या खिडकीच्या बरोब्बर वर आहे. दरवाजाला लागून त्यांचा पलंग. छताकडे जाणारी ती चीर आठवली. आणि मी काय केलं, तर सुतार पाठवला. त्याने रंधा मारला, दरवाजा लागला. इतकं हायसं वाटलं की संध्याकाळी वड्या खाऊन टाकल्या सगळ्या.

१६ जाने., शुक्र.
काकूंचा दरवाजा परत अडकला.
न राहवून लताकडे गेले. तिचा नवरा घरी होता, त्याला आडून आडून विचारलं की खिडकी करताना तुम्ही काय काय बघितलं होतं. तो म्हणाला, आम्हाला बघायचं काय होतं वहिनी, बी विंग मागाहून बांधली, सगळी कॉलमवर उभी आहे. भिंत काढली तरी फरक पडत नाही. "तुमच्या ए विंगला कॉलमच नाहीत. तिथे भिंतच सगळं वजन घेते."
सव्वीस वर्षं राहतेय. कोपऱ्यात खांब दिसत नाहीत, हे कधी लक्षात येऊ नये? एवढी भिंत काढायची का, असं मिस्त्रींनी विचारलं होतं, मी ठणकावून सांगितलं, बी विंगला आहे तशीच करा. एवढ्या वर्षांत एकाचं रक्त चुकून दुसऱ्याच्या नावावर लिहिलं नाही कधी. आणि आता बी विंगचं माप ए विंगला.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, रविवारी सोसायटीची निवडणूक आहे, तेवढी मीटिंग होऊ दे.

१७ जाने., शनि.
भांडण. मी म्हटलं, वर जाऊन काकूंना सांगते. हे दारात आडवे. "पवारला नोटीस दिलीय मी. त्याच्यासमोर आता कुठल्या तोंडाने उभा राहू? एक दिवस थांब."
थांबले. ह्यांच्यासाठी थांबले असं लिहिलं असतं, पण खरं म्हणजे मलाही भीती वाटते. लोक काय म्हणतील याचीच. लाज वाटते लिहायला.
काकूंच्या पावलांचा आवाज वरून येतो. पलंगापाशी जाऊन थांबतो.

१८ जाने., रवि., दु. २
मीटिंग झाली. हे बिनविरोध परत सेक्रेटरी. नाव सुचवलं परबकाकूंनी. टाळ्या. पवारसुद्धा "जयभीम साहेब, अभिनंदन" म्हणून हात मिळवून गेले.
घरी आलो तर स्लाइड तुटलेली. मधोमध, सरळ. तुकडे दोन्ही बाजूंना चिकटलेले आणि मध्ये फट.
हे खुर्चीवर बसले ते बसलेच. या वेळी मी ह्यांना विचारलं नाही. लताची भाची इमारतींची इंजिनिअर आहे, तिला फोन केला. उद्या सकाळी येते म्हणाली.

१९ जाने., सोम.
दहाला आली. पोरगी लहान, पण नजर पक्की. स्लाइड बघून म्हणाली, चिकटवलीत हे बरं केलंत. खिडकीवरची काँक्रीटची पट्टी मिस्त्रींनी काढली आणि नुसती लोखंडी पट्टी टाकली, ती वाकतेय. दुपारपर्यंत आमच्या खोलीत सहा लोखंडी टेकू उभे. भिंत वाचेल का, विचारलं. मोजमाप झाल्याशिवाय सांगत नाही म्हणाली. पण वरची खोली आजच रिकामी करा.
वर गेले. हे मागोमाग आले, एवढं मात्र लिहायला हवं. काकूंना पलंगावर बसवून सगळं सांगितलं. खिडकी, माप, भिंत, दरवाजा. त्या ऐकत राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग एकच विचारलं.
"तुका कधी कळला गो?"
शुक्रवारी, हा शब्द जिभेवर होता.
"आज," म्हणाले मी.
"मगे बरा झाला. लगेच इलंस." आणि माझ्या गालावरून हात फिरवला.
ह्यांनी ऐकलं. काकूंची पिशवी उचलली.

सायंकाळी ६
काकू आमच्या बाहेरच्या खोलीत. त्यांना चहा दिला. हे टेबलाशी बसून सगळ्या सभासदांसाठी पत्र लिहितायत, स्वतःच्या नावाने, राजीनाम्यासकट. अर्ध्यावर थांबून मला विचारलं, "धोका कधी लक्षात आला म्हणून लिहू? कुठली तारीख घालू?"
काकूंनी कपातून नजर वर करून माझ्याकडे पाहिलं.
पत्रात ती जागा अजून कोरी आहे.