बारा रेडिओ आणि बाभळीखालचा बांध

मी, श्रीमंत पुंजाराम औटी, वय वर्षे सदुसष्ट, नगरच्या तार ऑफिसातून निवृत्त, राहणार सुपा, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कान थोडे मंद झालेत, पण रेडिओ लावला की आतला कोणता व्हॉल्व्ह कुरकुरतो आहे ते अजून ओळखतो. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचा दाब नाही; उलट मीच वकिलांच्या मागे लागलो. गेली कित्येक वर्षे मी हा कागद लिहायला बसत होतो आणि उठत होतो. जमिनीचे कलम आले की दोन मुलांपैकी एकाला चोर ठरवावे लागे आणि हात थांबे. आता कोणालाच चोर ठरवायचे नाही. मला इतके हलके वाटते आहे की वकील म्हणाले, मृत्युपत्र लिहिताना एवढा हसरा माणूस मी पाहिलेला नाही.

१. राहते घर, पोस्टातली शिल्लक आणि माझ्या पेन्शनचे जे काही निघेल ते माझी पत्नी सौ. रतनबाई हिला मिळावे. तिच्या हयातीत घरातले एक कौलही कोणी तिला विचारल्याशिवाय हलवू नये. तिने माझ्या छंदापायी फार सोसले. स्वयंपाकघरातली मांडणी मी रेडिओंनी भरली, तेव्हा तिने भांडी पाटावर मांडली आणि एवढेच म्हणाली, "भाकरीच्या टोपल्यात तरी तुमची तार घालू नका, लई झालं." ज्या रेडिओतून आवाज निघत नाही तो उकिरड्यावर टाकण्याचा पूर्ण अधिकार मी तिला देतो. ती टाकणार नाही, हे मला माहीत आहे.

२. माझ्याकडे जुने व्हॉल्व्हचे रेडिओ बारा होते. लढाईनंतर भिंगारला मिलिटरीचे सामान लिलावात निघे, तिथून मी दोन आणले. बाकीचे लोकांनी ट्रान्झिस्टर घेतला की अडगळीत टाकलेले, ते मागून आणले आणि हाताने बोलते केले. चालू असलेल्यांपैकी चार गावच्या वाचनालयाला द्यावेत. मात्र वाचनालयाने ते एकाच वेळी लावू नयेत. उरलेले रतनबाई सांगेल त्याला द्यावेत. सगळ्यांत गोड आवाजाचा, अक्रोडी लाकडाचा, मी नगरचे घड्याळजी बाबाजान शेख यांना ठेवणार होतो. पण ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकिलांचे म्हणणे पडले. म्हणून तो रेडिओ मी आज सकाळीच त्यांच्या सायकलच्या कॅरियरला बांधून दिला. आता इथे अकराच उरले आहेत.

३. माझे मेहुणे यांना काही देऊ नये. त्यांनी भर पंगतीत माझ्या रेडिओंना भंगार म्हटले होते, आणि दुसऱ्या आठवड्यात क्रिकेट ऐकायला माझ्याच ओट्यावर येऊन बसले. ते आले तर चहा द्यावा, साखर कमी घालावी.

४. आता कॅमेऱ्याविषयी, कारण पुढचे कलम त्यावाचून समजणार नाही.

माझ्याकडे चावीचा, फिल्म ओढणारा जुना कॅमेरा आहे. तो सलग चालवला तर सिनेमा निघतो. पण त्याला एक खुंटी आहे, ती दाबली की एकच चित्र निघते. बाबाजान यांनी गजराच्या घड्याळाला कळ बसवली, मी रेडिओतले सुटे भाग आणि बॅटरी जोडली, आणि कॅमेरा ठरल्या वेळी आपोआप एक-एक चित्र काढू लागला. अशी चित्रे भराभर पडद्यावर सोडली की आठवड्याचे काम क्षणात होते. ज्वारीचे कणीस पोटरीतून बाहेर येताना मी पाहिले आहे. ते आळस देऊन उठते. ज्याने पाहिले नाही त्याला हे खोटे वाटेल.

माझी मुले दोन, थोरला गहिनीनाथ आणि धाकटा बन्सी. जमीन माझ्या नावावर, पण कसायला दोघांना तोंडी वाटून दिलेली. उत्तरेचा तुकडा थोरल्याकडे, दक्षिणेचा धाकट्याकडे, मध्ये दगडांचा बांध, बांधावर एक बाभूळ. ऐन थंडीत थोरला यायचा आणि म्हणायचा, "आबा, बन्सीनं बांध माझ्यात सारलाय." आषाढाच्या तोंडाशी धाकटा यायचा, "आबा, दादानं माझं रान खाल्लं." मी जाऊन बघायचो तर दोघांचेही खरे असायचे. चार हात जमिनीवरून दोघांचे बोलणे बंद झाले. दोघांनीही आपापल्या बायकांना बजावले, त्यांच्या रानात पाऊल टाकशील तर याद राख. माझ्या दोन सुना, थोरल्याची गोजरबाई आणि धाकट्याची कडूबाई, एका घरातून निघून दोन वाटांनी शेतावर जाऊ लागल्या.

तेव्हा मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कॅमेरा ठेवला आणि भिंतीतल्या भोकातून बांधावर रोखला. रोज भर दुपारी एक चित्र. सगळ्यांना वाटले, आबांचे कणीस उगवते आहे. मी चोर धरायला बसलो होतो हे कोणालाच सांगितले नव्हते, रतनबाईलासुद्धा नाही. तीन वर्षे गेली. फिल्म संपत गेली तशी मुंबईला धुवायला पाठवली, तुकडे जोडले, आणि मागच्या महिन्यात एका दुपारी दारे-खिडक्या लावून, फटींवर घोंगड्या टांगून, ती मी एकट्याने भिंतीवर पाहिली. तीन वर्षे एका मिनिटात संपली.

बांध चालत होता. दिवाळीनंतर बाभळीची सावली थोरल्याच्या रानात लांबत जाई, आणि बांधाचे दगड तिच्यामागे उत्तरेला सरकत. उन्हाळा आला की सावली झाडाच्या बुडाशी येई, दगड माघारी येत, आणि येता येता थोडे धाकट्याच्या रानात जात. मुले कुठेच नव्हती. होत्या त्या दोघी. प्रत्येक चित्रात समोरासमोर बसलेल्या, मध्ये बांध, बांधावर फडके सोडलेले. नवऱ्यांना भाकरी देऊन झाली की दोघी तिथे येऊन जेवत होत्या. दुष्काळाच्या साली दोघी खडी फोडायच्या कामावर गेल्या, तेवढे महिने बांध जागचा हलला नाही.

मी दोघींना बोलावून विचारले. गोजरबाई पदराआड हसू लागली. कडूबाई म्हणाली, "त्यांनी सांगितलं हुतं, पलीकडं पाय टाकायचा न्हाई. आमी टाकला न्हाई. सावली पलीकडं गेली तर आमी काय करावं? दोन दगड सावलीत सारले की आर्धी सावली आमच्याबी रानात यायची."

"आणि हे बांधावरचं भांडण तुम्हाला दिसत नव्हतं?"

गोजरबाई म्हणाली, "आबा, पुरुषांचं भांडण दगडापायी हाय असं आमाला वाटलंच न्हाई. आमाला वाटलं, आत कायतरी मोठं आसंल."

मी खाटेवर बसून इतका हसलो की रतनबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. नंतर डोळ्यांतून पाणी आले, तेही लिहून ठेवतो. माझ्या दोन्ही पोरांपैकी एकही चोर नाही, आणि एकही खोटे बोलला नाही.

म्हणून: कॅमेरा बन्सीला. घड्याळाची कळ आणि बॅटरीची जोडणी गहिनीनाथला. एकावाचून दुसरे चालत नाही, आणि ही वाटणी मी विचार करूनच केली आहे.

५. जमीन दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी, आज जशी कसतात तशी. बाभळीखालचा तुकडा मला सुनांच्या नावे करायचा होता. वकील म्हणाले, तुकडेबंदीच्या कायद्यात एवढीशी जमीन वेगळी लिहून देता येत नाही. तेव्हा जमीन मुलांकडेच राहील. बाभळीची सावली वर्षाच्या ज्या महिन्यात ज्या रानात पडेल, तिथे बसण्याचा, जेवण्याचा आणि गप्पा मारण्याचा हक्क मी सौ. गोजरबाई व सौ. कडूबाई या दोघींना सामाईक देतो. ती बाभूळ कोणी तोडू नये, औताच्या लाकडासाठीसुद्धा नाही. बांध मूळ जागी बांधून त्याचे दगड मातीत पक्के करावेत.

६. माझ्यामागे दहाव्याला मोठे जेवण घालू नये. रेडिओ मात्र लावावा.

७. हे शेवटचे कलम वकिलांना गाळायचे होते, पण मी गाळू दिले नाही.

फिल्म मी मुलांना दाखवली. दोघे खाली मान घालून उठले आणि आपापल्या बायकांवरच तडकले, बांधावर चोरून भेटता म्हणून. त्यावर दुसऱ्या दिवशीपासून सुनांनी भाकरी रानात नेऊन देणेच बंद केले. कडूबाईने सांगितले, "जेवायचं आसंल तर बाभळीखाली या. न्हाई आलं तर आमी खाऊन टाकू." पहिल्या दिवशी कोणी आले नाही, आणि दोघींनी खरेच सगळे खाऊन टाकले. पुढे थोरला आला, पाठ फिरवून बसला. मग धाकटा आला, तोही पाठ फिरवून. तसे बरेच दिवस चालले.

काल मी घड्याळाला चावी द्यायला मोटारीच्या खोलीत गेलो होतो. कॅमेऱ्याची खुंटी पडल्याचा आवाज झाला म्हणून भोकातून पाहिले. चौघे बसले होते. गोजरबाईने ठेचा गहिनीनाथपुढे ठेवला होता. बन्सीने थोडा वेळ कोरडी भाकरी चावली. मग मागे वळून म्हणाला, "दादा, ठेचा सरकव की इकडं." थोरल्याने सरकवला, आणि आपल्या भाकरीतली अर्धीही त्याच्या पानावर टाकली.

चित्र निघाले असेल. फिल्म अजून कॅमेऱ्यात आहे, धुवून येईतो मी असेन किंवा नसेन. पण या कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नाही, म्हणून ते वाक्य मी इथे लिहून ठेवले. ते कोणत्या सदराखाली घालायचे असे वकिलांनी विचारले. मी म्हणालो, मालमत्तेत घाला.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे, आणि त्याखाली मी दोन्ही साक्षीदारांसमोर आपल्या हाताने सही करतो.

(सही) श्रीमंत पुंजाराम औटी

श्रीमंत औटी यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि त्यानंतर त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या:

१. (सही) बाबाजान अलीम शेख, घड्याळजी, अहमदनगर
२. (सही) मच्छिंद्र रामजी गाडिलकर, शिक्षक, सुपा

ठिकाण: सुपा, तालुका पारनेर
दिनांक: ११ फेब्रुवारी १९७४